एका फ्रॉकाएवढं लांब

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुला तो ॲटलास आठवतो का? निळ्या पुठ्ठ्याचा, शाळेच्या वाचनालयातून बाद झालेला. आई शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टर अधूनमधून तिच्या हातात असं काहीतरी ठेवायच्या. शाळेला सुट्टी होती. आई मशीनवर, आणि आपण दोघी मशीनखाली, तिच्या पायांनी हलणाऱ्या पायट्याच्या वाऱ्यात पालथ्या पडलेल्या. खेळ असा की जगातली सगळ्यांत लांबची दोन शहरं शोधायची आणि आईच्या टेपने त्यांच्यातलं अंतर मोजायचं. मी टेप ताणून, जीभ दातांत धरून मोजत होते. तू थोडा वेळ पाहिलंस, मग ते पानच उचललंस, मधोमध दुमडलंस आणि एका शहरावर दुसरं शहर टेकवलंस.

"पोचले!" म्हणालीस.

मी रडकुंडीला आले. "आई, ही फसवते!"

आईने मशीन न थांबवताच निकाल दिला. "पोचली ना ती? मग झालं. तू बस मोजत."

त्या दिवशी आपल्या दोघींची कामं ठरून गेली असं मला वाटतं. तू पोचायचं, मी मोजायचं. त्या पानावरची घडी अजून तशीच आहे. परवा कपाट आवरताना हाताला लागली. तिथला समुद्र झिजून पांढरा पडलाय.

तर कारण असं की तुझ्या लेकीचा फोन आला होता. तुझं ऑपरेशन झालं म्हणाली. 'छोटंसं' म्हणाली. छोट्याशा ऑपरेशनची बातमी सांगताना कुणी तीनतीनदा घसा खाकरत नाही गं. पोरगी तुझ्यावर गेलेली नाही, तिला धड खोटं बोलता येत नाही. मी जास्त विचारलं नाही. विचारायचा मला हक्क आहे की नाही, हेच आता कळेनासं झालंय.

आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तू माझ्या वाढदिवसाला दोन ओळींचं कार्ड धाडतेस, आणि मी चार पानं लिहून, फाडून, एक पाठवते. या वेळी फाडणार नाही असं ठरवलंय.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण अजून संपावर गेलेले नाहीत. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं ते कळत नाही, म्हणून मी बाजाराच्या वाटेवर असलेल्या आमच्या जुन्या विमान-बुकिंगच्या ऑफिसवरून चक्कर मारते. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. माझं काउंटर होतं तिथे एक आरसा लावलाय. परवा सवयीने आत पाहिलं, तर काउंटरमागे मीच उभी.

वरच्या मजल्यावरचे मास्तर तुझी चौकशी करत होते. "तुमची भिंगरी कुठे असते हल्ली?" मी म्हटलं, "तिथेच." ते म्हणाले, "भिंगरी आणि तिथेच? नवल आहे!"

काळजी घे. लेकीला सांग, मला फोन करत जा.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

कार्ड मिळालं. या वेळी दोन नाही, चार ओळी. मी त्या पाठ केल्यात: 'ताई, बरी आहे. एकच विचारते. आई रविवारपासून अंथरुणावर होती, मला गुरुवारी का कळवलंस? खरं सांगायचं असेल तर लिही, हवापाण्याचं लिहू नकोस.'

सिस्टर म्हणायच्या, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. मी प्रश्न बऱ्याचदा वाचला.

आधी तू गेलीस त्या दिवसाचं सांगते. हवापाण्याचं नाही हे, थोडा धीर धर.

आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला प्रवासाचे तास सांगायचे नाहीत, पोचायची वेळ सांगायची. "बाई, तास ऐकले की माणूस घाबरतो. वेळ ऐकली की बॅग भरायला लागतो." मी पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना सरळ सांगून टाकलं होतं, 'साडेतेरा तास,' आणि ते टोपी उचलून घरी निघून गेले होते. त्यानंतर मी शिकले. 'सकाळी नवाला निघाल, दुपारी एकला उतराल.' दोन्ही वेळा खऱ्या, तिकिटावर छापलेल्या. तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे आहे, हे तिसरं खरं मधल्या मधे गिळायचं. कुणी विचारलं तर सांगायचं. फारसं कुणी विचारायचं नाही.

तुझं तिकीटही मीच काढलं होतं. विमानतळावर आईने तुझी बाही धरून ठेवली होती, आठवतं? तू नवी कोरी नवरी, भाऊजी पुढे गाड्यावर बॅगा रचत होते, आणि आई बाही सोडेना. मी काहीतरी समजुतीचं बोलत होते ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. तू तिकीट काढून तिच्या नाकासमोर धरलंस.

"हे बघ. नऊला निघते, एकला पोचते. चार तास!"

"खरं?" आई म्हणाली.

"तूच वाच. अगं, तुझा एक फ्रॉक शिवून होईस्तोवर मी पोचलेसुद्धा!"

आईने तिकीट वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, कारण विमानांतलं कळणारी मी. तू तिच्या खांद्यावरून मला डोळा मारलास. आणि मी काउंटरवर मान हलवते तशी हलवली.

तिने बाही सोडली.

त्या वेळी मला वाटलं, कसलं छान केलंस! पान दुमडलंस आणि शहर टेकवलंस. मला हे कधी सुचलं नसतं.

पुढचं तुला माहीत नाही. घरी आल्याआल्या ती मशीनवर बसली. बेतलेला एक पिवळा फ्रॉक पडला होता, कुणाचा ते आता आठवत नाही. तो शिवायला घेतला. चहा घेतला नाही, जेवली नाही. एकच्या सुमाराला दोरा दाताने तोडला, फ्रॉक झटकून हँगरला लावला आणि म्हणाली, "पोचली बघ."

तुझं विमान तेव्हा वाटेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, पोचली असेल."

तेव्हापासून शेजारी कुणी म्हणालं, 'धाकटी फारच लांब दिली हो,' की आई म्हणायची, "छे! एका फ्रॉकाएवढं लांब." तूही ते चालू ठेवलंस. दर खेपेला यायचीस तेव्हा, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं, आणि म्हणायचीस, "डोळा लागतो न लागतो तोच उतरले." ती तुला मागे लोटून म्हणायची, "मग दर महिन्याला का येत नाहीस? आळशी!" आणि तू हसायचीस आणि मी ताटं मांडायला आत जायची.

आता तुझा प्रश्न.

मला कळलं नाही, भिंगरी. इतकं गंभीर असेल असं वाटलं नव्हतं. तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही हेच सांगते.

तुझी,
ताई


२ मार्च

भिंगरी,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला पेटीत टाकतानाच कळलं होतं.

आज सकाळी लेकीचा फोन आला. या वेळी तिने घसा खाकरला नाही, त्यावरूनच मी समजले. तुला दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच बरं. मी म्हटलं, "मी येऊ का गं?" ती म्हणाली, "मावशी, मी आईला तेच विचारलं. तर आई हसली. म्हणाली, एवढ्यात नको. ताई काय, चार तासांवर तर आहे. वेळ आली की बोलवू."

पोरीला वाटलं तापात काहीतरी बोलतेय. मला विचारत होती, "चार तास म्हणजे काय मावशी?"

मी खाली बसले. शेगडीवर दूध होतं ते उतू गेलं, करपलं, मास्तर वरून ओरडत आले, तोवर मी तशीच बसलेली.

तू ते गमतीने म्हणालीस, मला कळतं. नऊ वर्षांनी तू माझ्याकडे पाहून डोळा मारलास, हेही कळतं, आणि एरवी त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले असते. पण हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय गं. अगदी याच शब्दांत. अंथरुणावरून.

म्हणून आता खरं सांगते. तुला दुखेल म्हणून इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तू मला दोष दिलास तो मी पांघरून घेतला, मला त्याची ऊब लागली होती असंही म्हण. पण आता हे न सांगताच मी तुझं 'एवढ्यात नको' मोडलं, तर तुला कारण कळणार नाही.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा आईने स्वतःच तुला 'जरा सर्दी' म्हणून सांगितलं. सोमवारी डॉक्टर आले, बाहेर येऊन मला म्हणाले, हृदय थकलंय, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी आत गेले. म्हटलं, "भिंगरीला कळवते."

"कशाला? तिच्या लेकीची परीक्षा चाललीय. ती काय, चार तासांवर तर आहे. मी सांगेन तेव्हा बोलव."

मंगळवारी मी ठरवून गेले. बिछान्याच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आई, चार तास नाहीत गं ते."

तिने डोळे उघडले. "मग किती? पाच?"

आणि हसली. तुला तिचं ते हसू माहीत आहे, ओठांत टाचण्या धरल्यासारखं.

तीस वर्षं मी लोकांना वेळा सांगितल्या, भिंगरी. जगातलं कुठलंही शहर सांग, मी झोपेत अंतर सांगत असे. आणि मी म्हणाले, "हो. पाचएक."

खरं सांगितलं असतं तर त्या खोलीत पडल्यापडल्या तिला एकदम कळलं असतं की तू किती लांब आहेस. किती लांब होतीस इतकी वर्षं. ते तिला तशा वेळी कसं सांगायचं? बुधवारी मी फोनपाशी तीनदा गेले. न विचारता तुला बोलवलं असतं आणि ती बरी झाली असती, तर म्हणाली असती, पोरीची परीक्षा बुडवलीस. मी तिच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. तूच म्हणायचीस ना, ताईचं लग्न तिकिटांशी लागलंय आणि सासू आई आहे.

गुरुवारी सकाळी ती आपणहून म्हणाली, "आता बोलव."

तुझ्याकडे तेव्हा बुधवारची रात्र होती. तू 'पहिल्या विमानाने निघते' म्हणालीस. ते पहिलं विमान तुझ्या सकाळचं, म्हणजे आमच्या संध्याकाळचं. हा हिशोब मी फोन ठेवायच्या आत केला होता. मी फोन तिच्यापुढे धरायला गेले, तर तिने हात हलवला. "फोनवर कशाला? दुपारी समोरच बोलू की."

"निघाली का?" तिने विचारलं.

"निघाली."

"म्हणजे एकपर्यंत येईल."

तिने केस विंचरून घेतले. उशा उंच करायला लावल्या. पलंगाजवळच्या खुर्चीवर तिच्या कापडांचा ढीग असायचा, तो उचलायला लावला आणि खुर्ची पलंगाला चिकटून ठेवायला सांगितली. "तिला बसायला."

एक वाजला. दोन वाजले. ती दाराकडे बघत होती. मी म्हटलं, "विमानाला उशीर झालाय, आई."

त्या आवाजात म्हटलं. काउंटरच्या. तो आवाज तुला माहीत नाही, त्यात काळजी असते आणि माहिती नसते.

उन्हं कलली तेव्हा ती म्हणाली, "एव्हाना एक फ्रॉक झाला असता गं. वर काजंसुद्धा." रागाने नाही, नवल वाटल्यासारखी. त्यानंतर ती फारसं काही बोलली नाही. दिवे लागायच्या सुमाराला गेली. तुझं विमान तेव्हा अजून तिकडच्या जमिनीवरच होतं.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलीस, बॅग दारातच टाकून आत गेलीस, आणि विचारलंस, "ही खुर्ची अशी कुणाला ठेवलीय?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना."

हे सगळ्यात वाईट. बाकी सगळ्याला मी काहीतरी सबब सांगेन, पण ती खुर्ची तुझी होती आणि मी तुला ती दिली नाही.

तू असं समजू नकोस की तुझ्या थट्टेने झालं. तू पंचविशीची पोर होतीस, आईची बाही सोडवत होतीस. थट्टा विमानतळावरच संपायला हवी होती. ती घरी आणून, झाडूनपुसून मी जपली. आणि खरं तर मला अजून उमगलेलं नाही, आईचा त्यावर विश्वास होता का? कापड वीतभर कमी पडलं तर दुकानदाराच्या डोळ्यांवरून ओळखणारी बाई ती. तुझ्याकडे सकाळ असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ, हे तिला ठाऊक होतं, 'तिची उठायची वेळ झाली' म्हणून ती फोनपाशी जाऊन बसायची. मग वजाबाकी येत नव्हती का तिला? कधी वाटतं, सगळं येत होतं. तिला ते चार तास हवे होते म्हणून तिने घेतले. पण मग त्या दुपारी ती दाराकडे का बघत होती? मी इथेच येऊन अडकते.

तर आता माझं ऐक. वेळ आली की बोलवू, असं तू म्हणतेस. मी थांबणार नाही. एकदा थांबले.

माझा पासपोर्ट आहे, तुला हसू येईल. नोकरीभर कोराच नवा करत आले. ऑफिसातून वर्षाला एक फुकट तिकीट मिळायचं, दर वर्षी ते बुडायचं, आणि मी म्हणायची, आईला एकटं कसं टाकू. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की मला भीती वाटायची. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या पदवीला तिने बोलवलं तेव्हा व्हिसाही काढला होता, तिकीटही. निघायच्या आठवड्यात मीच रद्द केलं आणि तिला गुडघ्यांचं सांगितलं. तू 'ये' म्हणाली नव्हतीस. एवढ्यावर मी रुसले, या वयात. तो व्हिसा अजून चालतोय.

तिकीट परवाचं मिळालंय. सकाळी नऊचं. मास्तरांना किल्ली आणि कुंड्या सोपवल्या. ते म्हणाले, "बाई, आयुष्यभर लोकांना उडवलंत, आता स्वतः उडा. आणि खिडकीची जागा घ्या, हो, नाहीतर इतकं लांब जाऊन आम्हाला काय सांगाल?"

टपालाने हे पत्र तुला दहाबारा दिवसांनी मिळेल. मी त्याआधी पोचते. म्हणून हे मीच घेऊन येतेय.

ताई


४ मार्च, विमानात

भिंगरी,

खिडकीची जागा मिळाली. खाली ढग आहेत, पिंजलेल्या कापसासारखे, आणि थोड्या वेळाने ढगांचाही कंटाळा येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी एक तरुण मुलगी आहे, निघाल्यापासून झोपलीय, डोकं माझ्या खांद्यावर. उठवावंसं वाटत नाही. म्हणून अक्षर असं तिरकं येतंय, सिस्टर असत्या तर पट्टी काढली असती.

समोरच्या खुर्चीच्या पाठीला एक छोटा पडदा आहे. त्यावर नकाशा, आणि नकाशावर आपलं विमान. रेघ सरळ जात नाही, वर उत्तरेला बाक घेऊन जाते. शाळेत पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून सिस्टरनी हेच दाखवलं होतं, सपाट कागदावर जे वाकडं दिसतं तेच खरं जवळचं. मी तेव्हा पाठ केलं होतं आणि पेपरात लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आज पाहिलं.

माझं घड्याळ मी बदललेलं नाही. आत्ता त्यात एक वाजला. नऊला निघालो, एक वाजला, चार तास झाले. तू म्हणाली होतीस ना, एक फ्रॉक. मी पडद्यावर पाहिलं. विमान अजून वाटेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचलेलं नाही. पाय सुजलेत, पाठ धरलीय. अजून दोन फ्रॉक, आणि वर काजं आणि बटणं. आणि तू दर खेपेला हे सगळं सोसून उतरायचीस आणि दारात हसून म्हणायचीस, डोळा लागतो न लागतो तोच आले! मी तिकिटं विकली गं, पण हे किती लांब आहे ते मला ठाऊक नव्हतं. नुसता आकडा ठाऊक होता. 'ताई, तू ये की कधी,' असं तू पूर्वी म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं, उगाच आपलं म्हणायचं म्हणून म्हणते. इतक्या लांबून कुणी उगाच म्हणत नाही.

निघायच्या आधी विमानतळावरून लेकीला फोन केला. तू झोपली होतीस. मी येतेय हे तुला सांगितलंय, म्हणाली. "आई काय म्हणाली?" मी विचारलं. "काही नाही. म्हणाली, ताईला खिडकी मिळाली का विचार." एवढंच. हे रागाने की कसं, ते तिला सांगता येईना. मी सांगितलं, मिळाली म्हणावं.

मी पोचेन तेव्हा तू जागी असलीस तर ही पत्रं कुणी वाचायची गरज नाही, मी तोंडाने सांगेन, तू मध्येमध्ये टोक. झोपेत असलीस तर लेकीने तुझ्या उशाशी बसून वाचावीत, २ मार्चचं आधी. आणि झोप त्याहून गाढ असली तरीही वाचावीत. मोठ्याने.

माझ्या बॅगेत आईच्या काही वस्तू आहेत. मला बोलायला जमलं नाही तर घोळ नको, म्हणून लिहून ठेवते.

मोठी कात्री लेकीला. छोट्या मुलांच्या शाळेत शिकवते, तिला लागेल. आईच्या कात्रीने कागद कापला तर हात कलम होतील अशी आपल्याला धमकी होती. लेकीला ती नाही. तिने खुशाल कागद कापावा, मुलांनाही कापू द्यावा, धार गेली तर जाऊ दे.

टेप भाऊजींना. ते अजून भिंतीवर फळ्या ठोकतात आणि त्या तिरक्या बसतात असं ऐकते. टेपचा पहिला इंच झिजून गेलाय, तेवढा धरून मोजा म्हणावं. आई तशीच मोजायची.

ॲटलास अख्खा आणला नाही, जड होता. तो मास्तरांना दिला. पण ते घडीचं पान सांभाळून काढलंय, ते तुझं. आता मोजायचं काही राहिलं नाही, दुमडून ठेव.

पिवळा फ्रॉक कुणी न्यायला आलंच नाही, की आईने दिलाच नाही, कोण जाणे. तो तिच्या कपाटात हँगरलाच होता. तोही तुझाच. अंगात जाणार नाही, उशीखाली ठेव. तू पोचलीस म्हणून तिने जो दोरा तोडला, तो अजून शिवणीला लोंबतोय. तो कापू नका.

ते चार तास मात्र कुणाला द्यायचे नाहीत. लेकीने विचारलं, चार तास म्हणजे काय, तर तिला सांग की ती आपल्या आईची गोष्ट होती आणि तिच्याबरोबर संपली. किती लांब आहे म्हणून विचारलं, तर साडेतेरा तास सांगा, नीट, घाबरेल तर घाबरू दे.

आणि मला यायला उशीर झाला असं झालंच, तर कुणीही, भाऊजींनीसुद्धा, माझी समजूत घालायला विमानाचं नाव घेऊ नये. विमान वेळेवर निघालंय.

राहता राहिली खुर्ची. तुझ्या पलंगाजवळ असेलच एखादी. तिच्यावर काही ठेवलं असेल तर उचला आणि ती पलंगाला लावून ठेवा. ती मला. डॉक्टरांना दुसरी आणून द्या.

ताई